कालिंबिरातला आमचा वाटा

लिलाँग्वे,
रविवार, १८ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,

अलिनाफेचा गुडघे टेकून आणि हलकी टाळी वाजवून नमस्कार. तुम्ही नीट उठला असाल तर आम्हीही नीट उठलो आहोत.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी क्षमा मागते. जानेवारीत तुम्ही पाठवलेल्या मक्याच्या पिशवीची साधी पोचसुद्धा मी दिली नाही. (मका नेहमीसारखाच उत्तम होता. मुलांनी पहिल्या घासालाच ओळखलं की हा बाजारचा नाही, मामाआजोबांचा आहे.) कारण द्यायचं तर वही. रोज संध्याकाळी मी वहीत लिहायला बसते आणि स्वतःलाच इतके प्रश्न विचारते की दुसऱ्याला विचारायला एकही शिल्लक राहत नाही. तुमचा जावई योसफाती म्हणतो, "ही वही तुझी सासू आहे. दिवसभराचा जाब दिल्याशिवाय तुला घास उतरत नाही." तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? शेजारच्या गावच्या प्रमुखाशी बांधावरून चाललेलं भांडण अजून चालू असेल तर उत्तमच, कारण ते मिटलं की तुम्ही दोघेही आजारी पडता असा आजवरचा अनुभव आहे.

मी कुठे काम करते हे विचारलं की तुम्ही गावात "आमची अलिनाफे संसदेत आहे" एवढंच सांगता, आणि मग सुट्टीत आले की लोक माझ्याकडे पूल मागतात. म्हणून पुन्हा एकदा सांगते. मी संसदेत बसत नाही, बसणाऱ्यांच्या मागे बसते. नवं पीक हाती यायच्या आधीच्या भुकेच्या महिन्यांत सरकार मदतीचा मका गावोगाव पाठवतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. गावातली सगळ्यांत गरजू घरं आधी निवडलेली असतात. त्या प्रत्येक घराला एक पोतं. बाकीच्यांना काही नाही. तो मका त्या घरांतच पोचला का, हे पाहायला चार खासदारांची समिती आहे. ते पाहतात आणि त्यांनी काय पाहिलं ते मी लिहिते. (कधी कधी त्यांनी पाहायच्या आधीच लिहून ठेवावं लागतं. हे योग्य आहे का, यावर वहीत दोन पानं आहेत, ती इथे उतरवत नाही.)

या वेळी तक्रार कालिंबिरा गावची होती. निवडलेल्या घरांना पोतं मिळालं नाही, एकेक बादली मिळाली, बाकीचा मका गेला कुठे? गावची प्रमुख बाई आहे. गादीवर बसल्या दिवसापासून गावाचं नाव तेच तिचं नाव, तेव्हा तिलाही कालिंबिराच म्हणायचं. (तुम्हीही गावचे प्रमुख; तुमचं मूळ नाव मामींना तरी आठवतं का?) आमचे अध्यक्ष माननीय कामवेन्दो माणूस वाईट नाहीत, पण त्यांचा आवाज चांगला आहे आणि ते त्यांना कोणीतरी सांगितलेलं आहे. त्यांनी रेडिओवर जाहीर केलं, की गरिबाचा घास खाणाऱ्या या बाईला मी गादीवरून उतरवून पोलिसांच्या हाती देईन. रेडिओ केंद्रातून बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला बजावलं, की भेट अचानक आहे, कुठे बोलू नका.

निघालो पाच जण. अध्यक्ष, विरोधी पक्षाच्या म्सिस्काबाई, ज्या गावाच्या चुकांपेक्षा अध्यक्षांच्या चुका जास्त टिपून घेतात, एक वयोवृद्ध सदस्य, जे गाडीत बसले की झोपतात आणि सभेत बसले तरीही, ड्रायव्हर विक्लिफ, आणि मी. चौथ्या सदस्यांचं पोट बिघडलं होतं. (हे पोट पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.) आमची अचानक भेट गावाला इतकी अनपेक्षित होती की आंब्याखाली खुर्च्या मांडून तयार होत्या. घरोघरच्या मागून आणलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. अध्यक्षांनी सर्वांत उंच निवडली, तिचा एक पाय आखूड निघाला, आणि पुढची सगळी चौकशी त्यांनी किंचित डावीकडे कलून केली. कालिंबिरा स्वतः खाली चटईवर बसली. साठीची असेल. डोक्याला निळं फडकं, आवाज हळू, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही थोडं थांबून बोलायची सवय. त्या थांबण्यात अध्यक्षांचे निम्मे प्रश्न वाया जायचे.

त्यांनी विचारलं, पोती आली होती का? म्हणाली, आली, साहेब. मग गेली कुठे? गावात. गावात म्हणजे कोणाच्या घरात? ती थांबली, आणि म्हणाली, "गावात जेवढ्या चुली आहेत तेवढ्या घरांत." सगळी पोती एकाच चटईवर ओतली, रास केली, दर घराला एक बादली, काठीनं सपाट करून. उरलं ते वाडग्यानं दुसऱ्या फेऱ्यात वाटलं, आणि त्या फेऱ्यात म्हाताऱ्यांना आधी. अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं बोलणाऱ्या बाईसाठी त्यांनी प्रश्न तयार करून आणले होते. विचारायच्या आधीच खरं सांगून टाकणाऱ्या बाईचं काय करायचं, हे आमच्या नियमपुस्तकात नाही. म्हणाले, "म्हणजे नियम मोडल्याचं तुम्ही कबूल करता?" ती म्हणाली, "नियम तुमच्या कागदावर आहे, साहेब. कागद लिलाँग्वेला जातो. मला इथेच राहायचंय."

मग निवडलेल्या घरांपैकी एकाला बोलावलं. गोगो एलिनाती, एकटी राहणारी म्हातारी. म्सिस्काबाईंनी मऊपणानं विचारलं, आजी, तुमच्या नावावर अख्खं पोतं आलं होतं, राग नाही आला? ती म्हणाली, "अख्खं पोतं माझ्या झोपडीत, आणि शेजारी पोरं रडतायत. मग मला विहिरीवरून पाणी कोण आणून देणार गं? तू?" सगळे हसले. म्सिस्काबाईसुद्धा. मीही वहीत लिहिलं, की न्यायाची याहून चांगली व्याख्या कॉलेजात कोणी सांगितली नव्हती. पण नंतर तिला धरून घरापर्यंत सोडायला गेले, तेव्हा उंबऱ्यात बसता बसता ती म्हणाली, "एक बादली पुरत नाही, पोरी. हेही लिही." मामा, तेव्हापासून मला माझी ती व्याख्या पुसावीशी वाटते आणि पुसवतही नाही. शेजारीच पत्र्याचं छप्पर घातलेला दुकानदार राहतो. त्यालाही एक बादलीच, सपाट केलेली. बरोबरीचा वाटा म्हणजे न्याय की नुसतीच बरोबरी? तुम्ही इतकी वर्षं गावाचे प्रमुख आहात, तुम्ही याचं काय करता, हे मी तुम्हाला कधीच विचारलं नाही, असंही लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी याच महिन्याच्या पोत्यांची वाटणी व्हायची होती. ती पाहायला थांबायचा आमचा विचार नव्हता, पण ओढ्याला पाणी आलं आणि विक्लिफनं गाडी घालायला साफ नकार दिला. ("साहेब, गाडी सरकारची आहे, पण जीव माझा आहे.") तेव्हा मुक्काम तिथेच. गावानं कोंबडी कापली. मक्याच्या न्सिमाचे गोळे, भोपळ्याच्या पाल्याची भाजी, आणि कोंबडीची पेठारी, म्हणजे तिच्या पोटातला मानाचा तुकडा, रीतीप्रमाणे मुख्य पाहुण्याच्या ताटात, म्हणजे अध्यक्षांच्या. त्यांनी ती खाल्ली. रेडिओवर ज्या बाईला उतरवायचं वचन दिलं तिच्या हातची पेठारी घशाखाली उतरताना माणसाला काय वाटत असेल, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते, तर ते म्हणाले, "जरा मीठ." न्सिमाचं पीठ कोणत्या पोत्यातलं होतं, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. भुकेच्या महिन्यात आलेल्या पाच पाहुण्यांपुढे वाफाळतं ताट येतं, तेव्हा ते आलं कुठून हा प्रश्न आमच्यासारख्या देखरेखवाल्यांनाच पहिल्यांदा सुचायला हवा होता.

सकाळी चटईवर रास पडली. आम्ही बाजूला उभे राहून पाहत होतो. मी वेळ, ठिकाण, हजर माणसं लिहून घेत होते. घरामागून घर येत होतं. कोणाची बादली फुटकी म्हणून शेजारणीची, कोणी पोटुशी म्हणून तिच्या वतीनं दीर. एका बाईनं आपल्या बादलीतून ओंजळभर मका वेगळ्या फडक्यात बांधला. मी विचारलं, हे कोणासाठी? कालिंबिराच म्हणाली, "शहरात गेलेल्या लेकीसाठी. लेक कुठेही गेली तरी गावचीच. तिचा मामा पोचवतो." तेही लिहून घेतलं, एक ओळ, कडेला. मग घरं संपली आणि कालिंबिरानं आमच्याकडे बघून हाक मारली, "या, साहेब."

अध्यक्ष म्हणाले, आम्ही फक्त पाहायला आलोय. ती म्हणाली, "काल रात्री कुठे झोपलात?" ते म्हणाले, इथेच. "मग?" ती म्हणाली. गावची रीतच अशी: वाटणीच्या आदल्या रात्री जो गावात झोपला तो गावातला, त्याला वाटा. मग तो जावई असो, कापडवाला असो की समिती. आता हे न घेणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. चारचौघांत प्रमुखाच्या हातचं नाकारणं म्हणजे तिच्या हातात विष आहे असं म्हणणं. अध्यक्ष राजकारणात उगीच टिकलेले नाहीत. ते वाकले, दोन्ही हात पुढे केले आणि वाटा घेतला. वयोवृद्ध सदस्यांना त्यासाठी उठवलं. म्सिस्काबाई घेताना इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. विक्लिफनं स्वतःची बादली गाडीतून आणली, तो अशा बाबतींत तयारीचा माणूस आहे. आणि मी, मामा, गुडघे टेकले आणि घेतला. परतीच्या वाटेवर अध्यक्ष ओढा ओलांडल्यावर म्हणाले, "माझी बादलीसुद्धा तिनं काठीनं सपाट केली. पाहुण्याची तरी शिगोशीग भरायची."

मी मात्र निघताना मागे वळून पाहिलं होतं. रास संपली होती. आम्हा पाचांच्या बादल्या गेल्यावर दुसऱ्या फेऱ्याला काही उरलंच नाही. गोगो एलिनाती आपला वाडगा मांडीवर घेऊन बसली होती. थोड्या वेळानं तिनं तो पालथा केला, आणि कोणीतरी तिला हात देऊन उठवलं. ती काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

आता अहवालाकडे येते. नियमाप्रमाणे, निवड नसताना ज्यांना मका मिळाला त्या सर्वांची नावं 'अपात्र लाभार्थी' म्हणून जोडायची असतात. मी जोडली. दुकानदार जोडला, पोटुशी बाई जोडली, आणि शेवटी आम्ही पाच जण. अध्यक्षांनी बोलावून घेतलं. "हे काय आहे, मॅडम?" म्हटलं, साहेब, मिळालेल्यांची नावं. "मी पाहुणा होतो." म्हटलं, साहेब, पाहुणा असा रकाना नाही. "मग करा." रकाना करायला संसदेची मंजुरी लागते, हे मी सांगितलं. ते म्हणाले, बादली परत पाठवून देऊ, विषय संपला; आणि तिथूनच त्यांनी घरी फोन लावला. बोलणं ऐकायचं नाही म्हणून मी खिडकीकडे पाहत राहिले, पण बाईसाहेबांचा आवाजही चांगला आहे. मका आदल्या दिवशीच गिरणीतून दळून आला होता, अर्धं पीठ संपलं होतं, आणि असलं पीठ पुन्हा मिळालं तर घेऊन या, असा निरोप होता.

मामा, विनोद इथेच संपला असता तर मी पत्र इथेच संपवलं असतं. पण मंगळवारी सुनावणी आहे. कालिंबिराला बोलावलं आहे, ती बसनं येते आहे. तिला गादीवरून काढा अशी शिफारस करायला किमान तीन सदस्यांची सही लागते. आणि आमच्याच नियमपुस्तकात असंही आहे, की ज्या सदस्याला त्या प्रकरणात काही लाभ झाला असेल त्यानं निवाड्याच्या बाजूला बसायचं नाही, साक्षीदारांच्या बाजूला बसायचं. चार सदस्यांतून बादली घेतलेले तीन वजा केले की राहतात ते चौथे, पोटवाले. एकट्याच्या सहीनं काही होत नाही. शिफारस नाही, म्हणजे ती प्रमुख राहते. मी हा नियम अध्यक्षांपुढे उघडून ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. मला वाटलं आता ओरडतील. तर थकलेल्या आवाजात म्हणाले, "रेडिओवर बोललोय हो मी." मग उठता उठता म्हणाले, "खुर्च्या मांडणं तुमचं काम. आम्ही आपले मांडलेल्या खुर्चीवर बसतो." हे त्यांनी रागानं म्हटलं, की मला वाट दाखवली, की नुसतं म्हटलं? चार दिवस वहीत हाच एक प्रश्न आहे. योसफाती म्हणतो, तू खुर्च्या मांड आणि झोप. पण मला हेही विचारायला हवं, की मी नियम पाळते आहे, की मला ती बाई आवडली म्हणून मला नेमका हा नियम सापडला? आणि तिला वाचवलं तर एलिनातीच्या त्या पालथ्या वाडग्याचं काय? तिला अख्खं पोतं मिळावं म्हणून तर नियम केला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि खुर्ची एकाच बाजूला ठेवता येते.

मामींना, आणि बांधापलीकडच्या तुमच्या शत्रूलाही नमस्कार सांगा. पावसात ओट्यावर बसू नका. मुलं तुमची फार आठवण काढतात.

तुमची भाची,
अलिनाफे

ता. क. मूळ सांगायचं राहिलंच. मला एक बादली मका हवा आहे. मी घेतलेली बादली परत करावी की करू नये, यावर मी तीन दिवस लिहीत बसले, तेवढ्यात योसफातीनं ती दळून आणली आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ली. (मीही. पीठ खरोखर उत्तम होतं.) मंगळवारी कालिंबिरा परत जाताना माझा वाटा तिच्याबरोबर एलिनातीसाठी पाठवायचा आहे. हे पत्र विक्लिफच्या भावाच्या मिनीबसमधून येईल, उद्या संध्याकाळी तीच बस परत फिरते. वाटा परत करताना अपमान होऊ नये म्हणून काय बोलायचं असतं, तेही चिठ्ठीत लिहा. फक्त एक विनंती, मका मदतीच्या पोत्यातला नको. नेहमीसारखा तुमच्या घरचा पाठवा.

ता. क. दुसरं. वरची ओळ लिहून पत्र बंद केलं होतं, ते पुन्हा उघडलं. मामा, दरवर्षी जानेवारीत तुम्ही मला पिशवी पाठवता आणि सांगता, घरचा आहे. जानेवारीत कोणाच्या कणगीत मका असतो? मामी तर डिसेंबरातच रताळ्यांवर दिवस काढायला लागतात, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. कालिंबिरानं सांगितलेली, शहरातल्या लेकीच्या ओंजळीची ती कडेची ओळ मी आत्ता पुन्हा वाचली. कृपा करून याचं उत्तर लिहून पाठवू नका, कारण लिहून आलेलं उत्तर मला समितीपुढे ठेवावं लागेल. भेटल्यावरही देऊ नका. मका पाठवायचाच असेल तर पाठवा. मी त्याला काही विचारणार नाही.

उद्याचं काम: सुनावणीच्या दालनात साक्षीदारांच्या बाजूला कालिंबिराच्या शेजारी खुर्च्या मांडणे. पाच. पहिली माझी.